मुलींच्या शाळेत बाकं कोण उचलतं?

मुलींची एखादी शाळा कशी आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी जावं. मंचासाठी बाकं कोण ओढतंय? माइकची वायर कोण जोडतंय? पडदा अडकला तर शिडीवर कोण चढतंय? ही सगळी कामं शिपाईकाका आणि बाहेरून आलेला साउंडवाला करत असतील आणि मुली एका कोपऱ्यात कागदी फुलं कापत बसल्या असतील, तर त्या शाळेने आपल्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाया घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिश्र शाळेत असली कामं आपसूक मुलग्यांकडे जातात. कुणी तसं ठरवलेलं नसतं, पण बाई ‘जरा दोघं-तिघं या रे’ म्हणतात आणि मुलगेच उठतात. मुलींच्या शाळेत उठायला मुलगेच नसतात, त्यामुळे एक जागा रिकामी होते. शिडीवर चढणारी, गणिताच्या तासाला चुकीचं उत्तर ठणकावून देणारी, वर्गात विनोद करणारी, संघाची कप्तान, फ्यूज बदलणारी, या सगळ्याच जागा रिकाम्या. मुलींच्या शाळेचा जो काही फायदा आहे तो या रिकाम्या जागांमध्ये आहे. पण त्या मुलींनी भरायच्या असतात, आणि आपणहून तसं होत नाही. बहुतेक वेळा मोठी माणसं तिथे येऊन उभी राहतात, कारण काम लवकर उरकतं.

शाळेच्या फाटकावर ‘कन्या’ शब्द लिहिल्याने काही घडत नाही, याला भक्कम पुरावा आहे. २०१४ मध्ये एरिन पाल्की, जॅनेट हाइड आणि कार्ली अ‍ॅलिसन यांनी २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मिळून सुमारे १६ लाख विद्यार्थी. घरची परिस्थिती आणि प्रवेशाच्या वेळची निवड यांचा हिशेब नीट धरलेल्या अभ्यासांत, एकलिंगी आणि मिश्र शाळांमधला फरक नगण्य निघाला. मुलींच्या शाळांविषयी आस्था असलेल्या अनेकांना हा निष्कर्ष झोंबतो. मला तो उपयोगी वाटतो. मुलगे नसणं हा नुसता मोकळा वाडगा आहे, त्यात काय वाढायचं ते शाळेनेच ठरवायचं, एवढंच तो सांगतो.

काय वाढायचं यावर वाद जुना आहे. एमिली डेव्हिस यांनी १८६९ मध्ये इंग्लंडमध्ये मुलींसाठी कॉलेज काढलं (पुढे ते गर्टन कॉलेज झालं), तेव्हा त्यांचा आग्रह एकच होता. मुलग्यांचा अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, सवलत काहीही नको. वेगळी परीक्षा म्हटली की लोक ती सोपीच धरणार, हे त्या ओळखून होत्या. दुसऱ्या टोकाला महर्षी कर्वे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करताना त्यांनी मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाशी जोडलेले विषय यांना जागा दिली. ज्या मुलींना तो ‘तोच’ अभ्यासक्रम गाठणं शक्यच नव्हतं, त्या मुली त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. आपापल्या काळात दोघांचंही बरोबर होतं. आजच्या शाळेपुरतं बोलायचं तर अभ्यासक्रमाचा वाद डेव्हिस यांच्या बाजूने निकाली निघालेला आहे. उरतो प्रश्न शिकवण्याचा, आणि त्यासाठी फ्रान्सिस बस यांचं उदाहरण फार बोलकं आहे. त्यांनी १८५० मध्ये लंडनमध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. १८६३ मध्ये केंब्रिजच्या शालेय परीक्षा मुलींना प्रायोगिक तत्त्वावर देऊ दिल्या गेल्या आणि अंकगणितात मुली मोठ्या संख्येने नापास झाल्या. ‘मुलींना गणित झेपत नाही’ असं म्हणायला विरोधकांना कोलीतच मिळालं. बस यांनी दोष मुलींना दिला नाही, आपल्या शाळेतल्या अंकगणिताच्या शिकवण्यात शोधला आणि ते शिकवणं सुधारलं. १८६५ मध्ये या परीक्षा मुलींना रीतसर खुल्या झाल्या.

आता वर्गात येऊ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड सुधारणा म्हणजे थांबणं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग दुसरीकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच देतात. तो अवधी तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. दोन ठिकाणी थांबायचं असतं. एकदा प्रश्नानंतर, आणि एकदा उत्तरानंतर. दुसरं थांबणं जवळजवळ सगळे विसरतात. मुलीने अर्धं वाक्य बोलून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाईंनी ‘छान’ म्हटलं, की विचार तिथेच संपला. तीन सेकंद काही न बोलता तिच्याकडे पाहत राहिलं, तर ती ‘म्हणजे, कारण…’ म्हणून पुढे जाते. त्या ‘कारण’साठी सगळा खटाटोप.

नीटनेटकेपणाचं कौतुक हा मुलींच्या शाळांचा जुना आजार आहे. वळणदार अक्षर, समास, रंगीत शीर्षकं यांना शाबासकी मिळत गेली की हुशार मुलगी चूक दिसू न देण्यात पटाईत होते. त्यावर एक छोटा नियम चांगला लागू पडतो. गणिताच्या वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलेल्या पायरीवर एक आडवी रेघ, शेजारी दोन-तीन शब्दांत कारण (‘चिन्ह बदललं नाही’, ‘एकक विसरले’) आणि खाली पुन्हा सोडवायचं. पहिले तीन-चार आठवडे मुली अक्षरशः रडकुंडीला येतात, काही जणी घरी सगळं पुन्हा उतरवून आणतात. उतरवलेली वही तपासायची नाही, मूळचीच मागायची. पालकसभेत आधी सांगून ठेवलं नाही, तर ‘वही घाण’ म्हणून तक्रारी येतात आणि नियम पहिल्याच महिन्यात बारगळतो.

मुलगे वर्गात नसले तरी मुलग्यांविषयीच्या समजुती वर्गात असतातच, आणि पुष्कळदा त्या बाईंच्या तोंडून येतात. शिआन बाइलॉक आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांवर आहे. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती जास्त होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींमध्ये वर्षअखेरीस ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ ही समजूत जास्त आढळली, आणि तशी समजूत असलेल्या मुली गणितात मागे होत्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणून प्राथमिकच्या शिक्षिकांसाठी गणिताचा साप्ताहिक तास ठेवणं ही चैन नव्हे, गरज आहे. आणि ‘अगं, मलाही गणित कधी जमलं नाही’ हे प्रेमाने दिलेलं सांत्वन शाळेत वर्ज्य असायला हवं.

प्रयोगशाळेत तिघींचा गट असावा. चौघींच्या गटात एक नेहमी प्रेक्षक होते. कामं तीन. एक मांडणी करणार, एक मोजणार, एक नोंदी घेणार. दर प्रात्यक्षिकाला कामं फिरतात आणि त्याचा तक्ता भिंतीवर असतो. वर्षात बारा प्रात्यक्षिकं झाली तर प्रत्येकीच्या वाट्याला प्रत्येक काम चार वेळा येतं. तक्ता नसला की सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर नोंदीच घेते आणि परीक्षेत ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीची) तोटी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरते. मग ती डोळा द्रवाच्या पातळीला न आणता वरून वाचते, द्रवाच्या पृष्ठभागाच्या खालच्या वक्राऐवजी कडेचं माप घेते आणि तिन्ही वाचनं जुळत नाहीत. हे न येणं नव्हे, हात न लागणं आहे.

विजेची मापं घेणाऱ्या मल्टिमीटरचंही तसंच. विद्युतधारा मोजताना तो मंडलात एकसरीत जोडायचा असतो. कुणीतरी समांतर जोडणारच, फ्यूज उडणारच. बऱ्याच शाळांत त्या दिवसापासून मीटर कपाटात जातात. वास्तविक त्याच दिवशी खरा धडा सुरू होतो. मीटर मंडलातून काढून मागचं झाकण उघडायचं, फ्यूजवरचं रेटिंग वाचायचं, त्याच रेटिंगचा नवा बसवायचा (तारेचा तुकडा कधीही नाही) आणि का उडाला ते फळ्यावर आकृती काढून सांगायचं. एका वर्गामागे दहा सुटे फ्यूज ठेवले की पुरे.

आणखी एक विषय वेळापत्रकात कुठेच नसतो. अवकाशाची समज, म्हणजे वस्तू मनात फिरवून पाहता येणं. अभियांत्रिकीला हे लागतं आणि सरासरीने मुली यात मागे दिसतात. पण ही समज सरावाने वाढते. २०१३ मध्ये डेव्हिड उटल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र करून ते दाखवलं. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी याचाच वेगळा अभ्यासक्रम चालवला. शाळेत सहावीपासून आठवड्याला वीस मिनिटं दिली तरी चालेल. सहा लाकडी ठोकळ्यांची रचना करायची, ती समोरून, वरून आणि उजवीकडून कशी दिसेल ते ठिपक्यांच्या कागदावर काढायचं. मग उलटं, म्हणजे शेजारणीची तीन चित्रं घेऊन रचना उभी करायची. ठोकळे हातात हवेतच. नुसत्या पडद्यावर फिरणाऱ्या आकृत्या दाखवल्या की फिरवण्याचं काम संगणक करतो, मुलगी पाहत बसते.

परंपरांकडे वळण्याआधी एक खेळाची गोष्ट सांगायलाच हवी. बास्केटबॉल १८९१ मध्ये जन्मला. लगेच सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ या मुलींच्या कॉलेजात तो आणला आणि १८९३ मध्ये तिथे सामना झाला. मुलींची दमछाक होऊ नये, धक्काबुक्की होऊ नये म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि खेळाडूंनी आपला भाग ओलांडायचा नाही असा नियम झाला. मुलींनी पळूच नये असं मानणाऱ्या काळात हे पुढचं पाऊल होतं, बेरेन्सन यांचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. पण नियमाची परंपरा झाली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मैदानाचे दोन भाग करून सहा-सहा जणींनी खेळायचा मुलींचा बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालला, ओक्लाहोमात १९९५ पर्यंत. लोकांचं त्या खेळावर मनापासून प्रेम होतं, प्रेक्षागृहं भरत. आणि त्यात बचावाच्या बाजूला उभी असलेली मुलगी शाळेची सगळी वर्षं खेळून एकदाही सामन्यात बास्केट टाकत नसे. नियमामागची भीती केव्हाच गेली होती, मैदानावरची रेघ मात्र शंभर वर्षं टिकली.

प्रत्येक शाळेत अशा रेघा असतात. त्या शोधायला एकच प्रश्न पुरतो. ही प्रथा दहा वर्षं पाळली तर मुलीच्या अंगवळणी काय पडेल?

हाऊसची पद्धत घ्या. रंगांनी मुली विभागणं फार जुनं आहे. फ्रान्समध्ये सॅं-सीर इथे १६८६ मध्ये मादाम द मँतनों यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत लाल, हिरव्या, पिवळ्या आणि निळ्या फितींचे वर्ग होते, मात्र ते वयानुसार. हाऊस उभी असावी लागतात, म्हणजे पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुली प्रत्येक हाऊसमध्ये. वाटणी चिठ्ठीने करावी. आवडीने निवडू दिलं की दोन वर्षांत एक हाऊस खेळाडूंचं, एक हुशारांचं आणि एक ‘उरलेल्यांचं’ होतं. खरी मेख गुणांमध्ये असते. शांत रांग, घट्ट वेण्या, पांढरेशुभ्र मोजे यांना गुण मिळत असतील तर भिंतीवर कितीही थोर वचनं रंगवा, शाळेचं तत्त्वज्ञान ‘हलू नकोस’ हेच आहे. गुण द्यायचेच तर पहिल्यांदा एखादी गोष्ट करून पाहणाऱ्या मुलीला द्यावेत. वादविवादात कधीच न बोललेली बोलली तर जिंकणारीपेक्षा तिच्या हाऊसला जास्त.

परिपाठ मुलींनी चालवावा हे सगळेच म्हणतात, पण बहुधा तो आठ-दहा गोड आवाजाच्या मुलीच वर्षभर चालवतात. पटावरच्या क्रमाने प्रत्येकीची पाळी येईल असं वेळापत्रक लावलं तर पहिले दोन महिने परिपाठ अडखळत होतो. वाक्यं विसरली जातात, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तेवढे दोन महिने मुख्याध्यापिकांनी सोसायचे. माइक देण्याआधी तीन दिवस रोज पाच मिनिटं मोकळ्या मैदानात, वीस पावलांवर मैत्रीण उभी करून तिला ऐकू जाईपर्यंत वाचायचं, एवढी तयारी पुरते.

नव्या मुलीला एक ताई जोडून देणं ही मला सगळ्यात आवडणारी प्रथा आहे, आणि सगळ्यात जास्त बिघडणारीही. नववीच्या एका ताईकडे पाचवीच्या दोघी. एकीला एक दिली तर जोडी जमली नाही की लहानगी एकटी पडते. पहिले सहा आठवडे रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, नंतर आठवड्यातून एकदा. ताई निवडताना गुणपत्रिका पाहू नये. स्वतः नवीन असताना भांबावलेली मुलगी उत्तम ताई होते. बिघडतं ते असं, की ताई लहानगीला पाण्याची बाटली भरायला पाठवू लागते, किंवा ‘हे कुणाला सांगू नकोस’ची गुपितं जमू लागतात. म्हणून आधी एक तास ताईंना बसवून सांगायचं की कोणती गोष्ट पोटात ठेवायची नाही. कुणी मारतंय, कुणी नको तिथे हात लावतंय, जेवण बंद केलंय, स्वतःला इजा करून घेतेय, ही चार वाक्यं ऐकली की त्याच दिवशी ठरलेल्या बाईंकडे जायचं.

याला जोडूनच अबोल्याचं. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर यांनी १९९५ मध्ये नातेसंबंधांतून केल्या जाणाऱ्या आक्रमकतेचा अभ्यास मांडला. गटातून काढणं, अफवा, ‘तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस’. मारामारीत आवाज होतो, यात होत नाही. असा वर्ग बाहेरून आदर्श शिस्तीचा दिसतो. दोन गोष्टी ताबडतोब करता येतात. एक, ‘आपापले गट करा’ हे वाक्य कोणत्याही तासाला उच्चारायचं नाही. त्या अर्ध्या मिनिटात कोण नकोशी आहे हे अख्ख्या वर्गासमोर जाहीर होतं. गट बाईंनी करायचे. दोन, बाकांवरच्या जागा दर तीन आठवड्यांनी, कुणालाही न विचारता बदलायच्या.

पाळीबद्दल थोडक्यात, कारण करायचं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त केलं जात नाही. पॅड कार्यालयातल्या कपाटात नकोत, प्रत्येक मजल्यावरच्या स्वच्छतागृहात हवेत. झाकणाचा डबा रोज रिकामा व्हायला हवा. वर्गातून जायला परवानगी मागायला लागू नये, नुसता हात वर केला की पुरे. माहितीचा तास पाचवीत, कारण काहींची पाळी तेव्हाच सुरू होते. पाळी म्हणजे खेळातून सुट्टी असा सरसकट नियम करू नये. दुखत असेल तिने बसावं, खेळावंसं वाटेल तिने खेळावं. आणि गणवेशाला खिसे हवेत, दोन, खोल. पॅड, रुमाल, खडू, स्क्रू ड्रायव्हर ठेवायला जागा नसलेली मुलगी सतत कुणाकडे तरी मागत राहते.

वयात आल्यावर उड्या मारून वळण्याच्या खेळांत मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलग्यांपेक्षा बरीच जास्त होते. उपाय खेळ कमी करणं हा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटांचा विशिष्ट सराव करायचा. एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून खाली येताना गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. गुडघे आत झुकले की क्रीडाशिक्षिकेने तिथेच थांबवायचं. घाईत हाच भाग गाळला जातो.

शेवटी प्रतिनिधी मंडळ. हेडगर्ल शिक्षकांनी नेमली की ती चांगल्या वागणुकीचं बक्षीस होते आणि तिचं काम उरतं रांगा गप्प करणं. मुलींना अर्ज करू द्यावेत, दोन मिनिटं बोलू द्यावं, गुप्त मतदान घ्यावं, मोजणी मुलींनी करावी आणि दोन शिक्षिकांनी फक्त साक्षीला बसावं. मुदत सहा महिने, म्हणजे वर्षात दोन मंडळं होतात. मंडळाकडे थोडेसे पैसे आणि त्याचा हिशेब असावा. मंडळाच्या ठरावाला मुख्याध्यापिकांनी दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नकार असला तरी कारणासह. उत्तर न देणं हा या व्यवस्थेचा सगळ्यात सामान्य मृत्यू आहे. तीन ठराव हवेत विरले की चौथा कुणी लिहीत नाही.

सूत्रं सोपवण्याच्या समारंभात दिवा, पट्टा, बॅज सगळं असू द्यावं. त्यासोबत जुन्या मंडळाने नव्याच्या हाती खऱ्या किल्ल्या द्याव्यात. खेळाच्या खोलीची, साउंडच्या कपाटाची, शिडी ठेवलेल्या खोलीची. आणि एक वही. डाव्या पानावर या सहा महिन्यांत कोणती प्रथा बंद केली आणि का, उजव्या पानावर कोणती सुरू केली आणि का. मागच्या पानांवर बाकीचं, की मंचाच्या उजव्या कोपऱ्यातली फळी सैल आहे, दुसऱ्या माइकची वायर सॉकेटजवळ तुटते, पडदा अडकला तर दोरी ओढायची नाही, वर चढून चाक फिरवायचं, आणि शिडी धरायला दोघी लागतात.